बाणशीची ओटी

अ‍ॅव्होकाडो हा शब्द मोरखोलच्या तोंडात कधी बसला नाही. गावाने त्याला लोणीफळ म्हणून टाकलं आणि विषय संपवला. शहरात तोवर या फळाचं वेड इतकं वाढलं होतं की पोह्यांवर ओल्या खोबऱ्याऐवजी लोणीफळाच्या फोडी घालणारी माणसं निपजली होती, आणि त्यांना कोणी अडवतही नव्हतं. फळाला भाव चढला, तसे ठेकेदार सह्याद्रीच्या पायथ्याशी जमिनी शोधत आले. उतार मोकळे पडलेत, असं ते म्हणत. उतारांवर जंगल उभं होतं, पण ठेकेदाराला जंगल दिसत नाही, त्याखालची जागा दिसते. आसपासच्या गावांतले डोंगर बघता बघता बोडके झाले. जेसीबीने पायऱ्या पाडल्या, रोपं लागली. लोणीफळाला पाणी फार, म्हणून बोअर मारल्या, आणि तिथले व्हाळ-ओढे शिमग्याच्या आधीच आटू लागले. एवढं करून बागांत मुळकूज शिरली. मग ठेकेदार पुढच्या डोंगराकडे वळले.

मोरखोलचा उतार मात्र अजून हिरवा होता, आणि तो मृण्मयी राऊळच्या कलमांवर आणि तिच्या वडिलांच्या शब्दावर तरला होता.

मृण्मयी ही गावच्या मानकऱ्याची, दिगंबर राऊळ यांची एकुलती एक लेक. वर घाटावरच्या एका संशोधन केंद्रात ती झाडांवर काम करायची. गावाला तिच्या कामाचं स्वरूप कधी कळलं नव्हतं. ‘झाडांची डॉक्टर’ एवढ्यावर गाव समाधानी होतं, आणि कोणाची म्हैस आजारी पडली की तिला फोन करायचं. ती एके दिवशी नोकरी सोडून घरी आली ती एक लेपाची बाटली घेऊन.

त्या बाटलीमागची गोष्ट अशी. आपल्या जंगलात गुळंब नावाचं झाड आहे. उदबत्तीचा मसाला काडीला चिकटवायला जी चिकट साल वापरतात, ती याची. नात्याने हे झाड लोणीफळाचं लांबचं चुलत भावंड. त्याची मुळं खडकाच्या भेगांतून खोल उतरतात, त्याला पाणी घालावं लागत नाही, आणि मुळकूज त्याच्या वाटेला जात नाही. मग गुळंबाच्या फांदीवरच लोणीफळाचं कलम बांधलं तर? रान तोडायला नको, बोअर मारायला नको, उभं जंगल हीच बाग. हे जगभरातल्या शहाण्यांना फार आधी सुचलं होतं, आणि त्या सगळ्यांची कलमं वाळून गेली होती. कारण कलम जमतं म्हणजे दोन झाडांच्या जखमा एकमेकींत भरून येतात. सांध्यावरच्या पेशींच्या भिंती जरा सैल पडतात, पेशी एकमेकींना धरतात, मग पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्या आरपार जुळतात. नातं फार लांबचं असेल तर या भिंती सैलच पडत नाहीत. दोन्ही झाडं आपापली दारं लावून बसतात. मृण्मयीच्या लेपात एक विकर, म्हणजे एन्झाइम, होतं. तंबाखूच्या कुळातलं एक झाड परक्या झाडाशीही सहज जुळतं, त्याच्याकडून ते उसनं घेतलेलं. लेप लावला की सांध्यावरच्या भिंती काही दिवस मऊ राहायच्या, आणि तेवढ्यात काम व्हायचं.

आबांनी, म्हणजे दिगंबर राऊळांनी, सगळं ऐकून घेतलं. हापूसची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, त्यामुळे लेकीचं बोलणं त्यांना गावातल्या इतर कोणाहीपेक्षा जास्त कळलं आणि तेवढंच जास्त खोटंही वाटलं. पण एक फांदी त्यांनी स्वतः बांधून पाहिली. पावसाळा संपता संपता तिला पालवी फुटली, तेव्हा ते देवळात जाऊन बसले.

गावकी त्या वेळी उतार ठेकेदाराला द्यायच्या बेतात होती. आबांनी ग्रामदेवी सातेरीच्या देवळात सगळ्यांसमोर शब्द दिला. तीन वर्षं थांबा. तिसऱ्या अक्षय्य तृतीयेला गुळंबावर फळ धरलेलं दिसलं नाही, तर त्या रानावर पहिली कुऱ्हाड मी घालीन. यातली मेख बाहेरच्या माणसाला कळायची नाही. मोरखोलच्या रानात मानकऱ्याने पहिला घाव घातल्याशिवाय दुसरा कोणी हत्यार लावत नाही, अगदी होळीचं झाड तोडतानाही नाही. आबांनी घाव घातला की जंगल गेलं. नाही घातला तर शाबूत. ठेकेदारसुद्धा याच मुलखातला होता, म्हणून तोही मुकाट्याने थांबला.

आणि आता तिसरं वर्ष उजाडलं होतं, माघ सरत आला होता, आणि कलमं हिरवीगार होती. दृष्ट लागावी अशी. फुलांचे तुरे तर एवढे की फांद्या पिवळट दिसत. पण गेल्या साली जे झालं तेच पुन्हा होत होतं. फुलं यायची, मिटायची, गळायची. फळाचा एक दाणा धरत नव्हता.

गावाला थट्टा करायला एवढं पुरलं. आबा चहाच्या टपरीवर गेले की कोणीतरी लोणी आहे का विचारायचं. मृण्मयीने सांधे कापून पाहिले, भिंगाखाली धरले, केंद्रातल्या मैत्रिणीकडे नमुने पाठवले. सांधे पक्के होते. रोज सकाळी उन्हं चढेपर्यंत ती फुलं तपासायची आणि दुपारी घामाघूम होऊन, वैतागून घरी यायची.

एका सकाळी आबा तिच्यामागोमाग उतारावर आले. खाली व्हाळाचं पाणी वाहत होतं, वर कुठेतरी धनेशाची जोडी ओरडत होती, आणि मृण्मयीला वाटलं, आता हे म्हणणार की पुरे झालं.

“माझो शबुद गेलो तरी चलात,” आबा म्हणाले. “पण ह्या रानावर माझ्या हातान कुऱ्हाड पडली, तर माका परत झोप लागाची नाय. तू काय ता बघ, बाय.”

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला झालं. लहानपणापासून या माणसाला तिने कोणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं, ते तिने फुलं मोजण्याच्या मिषाने लपवलं, आणि आबांनी ते न दिसल्याचं दाखवलं.

त्या दिवशी तिला बाणशीची आठवण झाली. बाणशी म्हणजे नदीपलीकडचं गाव, साकव ओलांडला की लागतं. तिथेही गुळंबावर लोणीफळाची कलमं होती आणि तिथेही फळ धरत नाही असं उडत उडत कानावर आलं होतं. दोन्ही गावांना एकच रोग झाला असेल तर निदान तेवढं तरी कळेल, असा विचार करून ती दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी निघाली. आबांना सांगितलं नाही. बाणशीचं नाव काढलं की आबा विषय बदलत.

त्याचं कारण होतं, आणि ते काही फारसं भूषणावह नव्हतं. तीन वर्षांपूर्वी केंद्रातून कलमांसाठी काड्या आल्या त्या दोन जातींच्या, काळ्या सालीच्या आणि हिरव्या सालीच्या. दोन्ही मिसळून बांधा, अशी सूचना होती. पण काळ्या सालीच्या फळाला बाजारात दुप्पट भाव. आबा पडले हापूसवाले, आणि हापूसवाल्याला दुसऱ्या आंब्याचं नाव काढलेलं खपत नाही. हापूस घरात असताना रायवळ कोण बांधतो, असं म्हणून त्यांनी हिरव्या जातीच्या सगळ्या काड्या बाजूला काढल्या. मृण्मयीनेही मोठासा हट्ट धरला नाही, कारण वर घाटावर केंद्राच्या बागेत नुसत्या काळ्या जातीलाही फळं धरत होती. उरलेल्या काड्या टाकायच्या कशाला, म्हणून आबांनी त्या लेपासकट वाजतगाजत बाणशीला पाठवल्या. मोरखोलच्या सातेरीला बाणशीच्या रवळनाथाची बहीण मानतात. बहिणीकडून भावाला भेट, असा थाट केला. बाणशीकरांनी भक्तिभावाने कलमं बांधली, आणि वर्षभराने मोबाइलवर बाजारभाव बघून त्यांना कळलं की बहिणीने डावं दिलं. तेव्हापासून दोन्ही गावांत देवांपुरतंच नातं उरलं होतं.

बाणशीच्या सरपंच आनंदीबाई नाईक अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. गावचे मानकरी सोमा नाईक त्यांचे यजमान. अंगाने भरभक्कम आणि बोलायला फटकळ अशी ही बाई, मृण्मयी तिला काकी म्हणायची. काकींनी तिला नीट निरखून घेतलं आणि विचारलं की आता आणखी कसली भेट आणलीस. मृण्मयीने मान खाली घालून सांगितलं की भेट नाही, फक्त झाडं बघायची आहेत. काकींनी नाक मुरडलं, पण पायांत चपला सरकवल्या आणि स्वतः बरोबर गेल्या.

पहिल्याच झाडाशी मृण्मयीने तुऱ्यातलं एक फूल बोटांत धरलं आणि ती थबकली. बोटाला पिवळी पूड लागली होती. तिने दुसरं फूल पाहिलं, तिसरं पाहिलं. मग मटकन खाली बसली आणि एकटीच हसायला लागली. काकींना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

लोणीफळाचं फूल हे एक विलक्षण प्रकरण आहे. एकाच फुलात बाईपण आणि पुरुषपण दोन्ही असतं, पण एका वेळी एकच. फूल पहिल्यांदा उमलतं ते मादी म्हणून, काही तासांनी मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलतं ते नर म्हणून, पराग घेऊन. काळ्या जातीची सगळी फुलं सकाळी मादी आणि दुपारी नर. हिरव्या जातीचं बरोबर उलटं. सकाळी नर, दुपारी मादी. म्हणजे काळीला सकाळी पराग हवा असतो तेव्हा तो फक्त हिरवीकडे असतो, आणि दुपारी हिरवीला हवा असतो तेव्हा काळीकडे. थंड हवेत फुलांच्या वेळा चुकतात, सरमिसळ होते, म्हणून घाटावर एकट्या काळीलाही फळं धरली. इथल्या उबाऱ्यात फुलं घड्याळासारखी वागत होती. हे मृण्मयी पुस्तकात शिकली होती, परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. आणि तरी रोज सकाळी फुलं बघून, दुपारी घरी जाऊन, सांध्यातच दोष शोधत बसली होती. मोरखोलात सगळ्या नवऱ्या, बाणशीत सगळे नवरे, दुपारी त्याच्या उलट, आणि मध्ये नदी. फुलांच्या या दिवसांत नदीकाठ करवंदीने पांढरा झालेला असतो. तो सोडून माश्या दुसऱ्या गावापर्यंत कशाला जातील?

नवी कलमं बांधायची तर फुलायला दोन वर्षं. अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. उपाय एकच होता आणि तो साधा होता. हिरव्या जातीच्या फुललेल्या फांद्या तोडायच्या, पाण्याच्या बादलीत घालून काळ्या जातीच्या झाडांखाली ठेवायच्या. बाकीचं माश्या बघून घेतील. पण फांद्या रोज ताज्या हव्या होत्या, फुलोरा संपेपर्यंत, आणि त्या बाणशीच्या होत्या.

मृण्मयीने सरळ मागणं घातलं. काकींनी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. चांगलं ठेवून घ्यायचं, हिणकस आम्हाला द्यायचं, आणि आता त्याच हिणकसाची फुलंही न्यायला यायचं? बाणशीचे पुरुष एक काडी देणार नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं.

मग मृण्मयीला सुचलं. सातेरी रवळनाथाची बहीण, म्हणून मोरखोलची प्रत्येक बाई बाणशीची माहेरवाशीण. ती बाणशीत आली तर तिला ओटी भरल्याशिवाय पाठवायचं नाही, हा रिवाज अजून मोडला नव्हता. भांडण झालं तरी काकींच्या घरात तांदूळ आणि नारळ तयार असायचेच. घरी परतल्यावर काकी कुंकवाची कोयरी आणायला वळल्या तेव्हा मृण्मयीने पदर नसल्याने ओढणी पुढे धरली आणि म्हणाली, “काकी, नारळ नको. ओटयेत फुलललो फाटो घाला.”

काकी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या पोट धरून हसल्या. त्या हसण्याने ओसरीवरचं मांजरसुद्धा उठून गेलं.

“रित्या ओटयेन गेलस तर रवळनाथ माका ईचारीत,” त्या म्हणाल्या. “भरतंय. पण तुझ्या बापाशीक सांग, ह्या देवासाठी आसा, तेच्यासाठी नाय.”

दुसऱ्या दिवसापासून मोरखोलच्या बायका सकाळी माहेरी निघू लागल्या. आधी दोघी-चौघी, मग वाडीच्या वाडी. ज्यांच्या गुडघ्यांनी साकव ओलांडायला वर्षानुवर्षं नकार दिला होता त्याही निघाल्या. बाणशीच्या पुरुषांनी पहिल्या दिवशी डोळे वटारले, पण ओटी भरताना आड येणारा पुरुष अजून जन्माला यायचा आहे. बायका हसत-खिदळत फुललेल्या फांद्या घेऊन परत यायच्या, उतारावर बादल्यांत मांडायच्या. मृण्मयीने मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या. माश्या बादलीतल्या फुलावर बसायच्या, पिवळ्या होऊन वरच्या तुऱ्यांवर जायच्या. ती तासन् तास ते बघत बसायची.

आता राहिली परतफेड. दुपारी बाणशीच्या झाडांना काळ्या जातीचा पराग हवा होता. काकींनी ते आपल्या पद्धतीने लावून दिलं. बहीण भावाकडे रोज येते, तर भावाने बहिणीकडे जेवायला जायला नको? झालं, बाणशीचे पुरुष दुपारच्या आधीच मोरखोलला जेवायला यायचे आणि जाताना खांद्यावर फुललेल्या फांद्या घेऊन जायचे. मोरखोलच्या बायका सकाळभर माहेर आणि उतार यांत असल्याने स्वयंपाक पुरुषांवर आला. पहिल्या दिवशीची आमटी बाणशीकर अजून विसरलेले नाहीत.

सोमा नाईक मात्र तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते गंभीर चेहऱ्याने, आणि राऊळांच्या ओसरीवर पानावर बसले. आबांनी बांगड्याचं तिखलं स्वतः रांधलं होतं. मृण्मयी दाराआड उभी होती. तिला बाहेर जायचं धैर्य होईना. आबांनी भात वाढला, तिखलं वाढलं, आणि डाव हातात तसाच धरून ते उभे राहिले.

“सोमा,” ते म्हणाले, “चांगली काडी घरात ठेयलंय नि उरलली तुका दिलंय. देताना माका म्हायत होता.”

सोमांनी घास घेतला, सावकाश चावला.

“तुझ्या चांगल्येक आमच्या उरललेची गरज पडली मा?” ते म्हणाले. “मग आता तिखला वाढ.”

आबांनी वाढलं, जरा जास्तच वाढलं. मृण्मयी आत जाऊन चुलीसमोर बसली आणि मनमोकळं रडली. या वेळी कोणापासून लपवायचं कारण नव्हतं.

शिमगा गेला, पाडवा गेला, तुरे झडले. जिथे तुरे होते तिथे हिरवे दाणे दिसू लागले, आधी मिरीएवढे, मग वाटाण्याएवढे. मृण्मयी रोज बघायची आणि कोणाला सांगायला घाबरायची. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी डोंगरावरून वारा सुटला. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उतारावर पोचली. झाडांखाली हिरव्या दाण्यांचा सडा पडला होता. पाय ठेवायला जागा नव्हती.

थोड्याच वेळात गावकी आली. बाणशीची मंडळीही आली, सोमा आणि काकी पुढे. ठेकेदारही पांढऱ्या गाडीतून आला आणि बूट जपत वर चढला. सड्याकडे बघून त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला. प्रयत्न चांगला होता, असं तो म्हणाला. त्यात वाईटपणा नव्हता. त्याला खरोखरच दया आली असावी. थोडी गळ होते हे मृण्मयीला माहीत होतं, पण थोडी म्हणजे एवढी, हे कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

आबांनी वाकून दाण्यांची मूठ भरली, वास घेतला, आणि मान वर करून तुऱ्यांचे देठ बघत झाडाभोवती फिरले. सगळी गावकी त्यांच्यामागून माना वर करून फिरली. आणि मग एकदम हशा पिकला. मृण्मयी गोंधळून बघत राहिली. ही सगळी आंब्याची माणसं होती. मोहर सरला की झाडाखाली बारक्या कैऱ्यांचा सडा बघतच त्यांची हयात गेली होती.

“अगो डॉक्टरनी,” आबा म्हणाले, “सगळी धरली असती तर फांदी रवली असती? वर बघ.”

तिने वर पाहिलं. पानांआड, देठादेठाला, एकेक दोन दोन करून बोराएवढी फळं लटकत होती. या झाडावर, पलीकडच्या, त्याच्या पलीकडच्या. मिटलेल्या डोळ्यांनी चालत आल्यासारखी ती सकाळभर खालीच बघत होती.

शब्द देवीसमोर दिला होता, म्हणून तो देवीसमोरच सोडवायला हवा होता. आबांनी टोपी सारखी केली, गुळंबाच्या बुंध्याशी देवीच्या नावाने नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. मोरखोल आणि बाणशी मागे उभे राहिले.

“बा देवी सातेरी, आज तुझी नि तुझ्या भावाची लेकरां हय जमली आसत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“फळ नाय धरला तर पयली कुऱ्हाड मी घालीन असा तुका सांगितलेलंय. फळ धरला आसा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“पुढच्या पावसात हय हिरवी नि थय काळी, दोनव गावांत दोनव जाती बांधतलंव. आणि ह्या रान असाच उभ्या रवांदे. कोण ह्याच्यावर वाकडी नजर घेवन इलो, तर तेका सुखरूप घराक पाठव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले, आणि त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज ठेकेदाराचा होता. गाऱ्हाणं ऐकत मोठा झालेला माणूस तो. तोंडाला सवय होती, आणि आपण काय बोलून बसलो हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला. तोवर काकींनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता. त्याने तो मुकाट्याने खाल्ला, कारण देवीचा प्रसाद नाकारायची त्याचीही छाती नव्हती, आणि मग सगळ्यांबरोबर तोही खाली जेवायला उतरला.